टांझानियात तंबूतली सफारी : पक्षी, किडे-पाखरं आणि कॅमेरा

नीलपंखी

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं टांझानियाला जातोय. अरुशाहून निघून तरांगिरेला २ रात्री, न्दुतूला २, सेरेंगेटीत सेरोनेराला ३ आणि परतताना गोरोंगोरो विवराच्या काठावर १. आठही रात्री तंबूत. छप्पर वर उचलता येणारी लँड क्रूझर, एक चालक-मार्गदर्शक आणि एक स्वयंपाकी.

सिंह-चित्ते दिसले तर आनंदच आहे, पण माझा खरा जीव पक्ष्यांत आणि किड्यांत. जवळ क्रॉप (छोट्या) सेन्सरचा एक कॅमेरा आहे (२४ मेगापिक्सेल), कॅननची १००-४०० लेन्स (दुसरी आवृत्ती), ९० मिमीची मॅक्रो (जवळच्या बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी लेन्स) आणि एक छोटा फ्लॅश. तिपाई न्यावी का? तंबूत वीज नसताना चार्जिंग कसं करतात? धुळीचं काय? गाडीतून उतरायची परवानगी नसते, मग किड्यांचे फोटो काढायचे कुठे आणि कसे? आणि सगळ्यात महत्त्वाचं : गाडीतल्या बाकी तिघांना सिंह हवेत. शेणकिड्यासाठी गाडी थांबवायची तर ते जमवायचं कसं?

माळरान

तिपाई घरी ठेवा. चार माणसांच्या गाडीत तिचे पाय पसरायला जागाच नसते आणि पसरले तरी सगळी थरथर गाडीतूनच वर येते. तिथे गाडी हीच तुमची लपण आणि तिपाई. लागते फक्त बीनबॅग, म्हणजे खिडकीवर ठेवून लेन्स टेकवायची धान्याची पिशवी.

पिशवी रिकामी न्या, अरुशाच्या बाजारात तांदळाने नाहीतर मक्याने भरा. इथून धान्य भरून नेऊ नका, धान्य-बियाणं सीमेवर अडवतात. २ ते २.५ किलो पुरे. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी होते आणि लेन्स वरून घसरते, म्हणून दोन तृतीयांशच भरा. लेन्स ठेवली की मधे खळगा पडून दोन्ही बाजूंनी धान्य वर आलं पाहिजे. लेन्सच्या कॉलरचा (तिपाईला जोडायच्या कड्याचा) पाय काढा किंवा वर फिरवा, म्हणजे नळी सरळ पिशवीत बसेल.

आणि इंजिन बंद. दरवेळी. डिझेल इंजिन चालू असताना ४०० मिमीवर १/१००० सेकंद शटरला सुद्धा पिसांची कड मऊ येते. मग फोकस चुकला असं वाटत राहतं आणि माणूस विनाकारण सेटिंग बदलत बसतो.

शिवणयंत्र

बीनबॅग विकत घ्यायचीही गरज नाही. जुन्या जीन्सचा एक पाय मांडीकडून कापा, ३५ सेंमी लांब आणि साधारण २५ सेंमी रुंद तुकडा मिळतो. शिंप्याकडून एक तोंड दुहेरी टिपेने बंद करून घ्या, दुसऱ्या तोंडाला चेन लावा आणि चेनच्या आत ५ सेंमीची झडप ठेवा. झडप नसली तर खडबडीत रस्त्यावर चेनच्या दातांतून तांदूळ गळतात. आत सुती कापडाची वेगळी पिशवी घाला. प्लास्टिकची नको, टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. एका बाजूला दोन बंद शिवून घ्या आणि ते गाडीच्या आतल्या दांडीला बांधा, म्हणजे घाईत पिशवी खिडकीबाहेर पडणार नाही. पडली तर उतरून उचलता येत नाही हे लक्षात असू द्या.

पाणकावळा

माळरान यांच्याशी सहमत. एक भर घालतो : छपरातून की खिडकीतून?

छपराच्या झडपेतून नजर जमिनीपासून अडीच मीटरवर जाते. लांबचं बघायला आणि उंच गवताच्या वरून फोटो काढायला ते उत्तम. पण सेक्रेटरी बर्ड, आफ्रिकी माळढोक, टिटव्या, फ्रँकोलिन हे सगळे जमिनीवर चालणारे पक्षी. वरून काढले की पाठ दिसते आणि मागे नुसती माती येते. खिडकीतून काढले की पक्ष्याच्या डोळ्याशी डोळा भिडतो आणि मागचं गवत दूर जाऊन विरघळतं. म्हणून पक्षी जमिनीवर असेल तर खाली बसा, झाडावर किंवा हवेत असेल तर वर या.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्याकडे डिसेंबरात पुण्यात सूर्योदयानंतर पावणेतीन तासांनी सूर्य ३२ अंशांच्या आसपास असतो. सेरेंगेटी विषुववृत्तापासून जेमतेम अडीच अंश दक्षिणेला आहे, तिथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. तेवढ्याच वेळात तो ४० अंशांवर पोचतो. फेब्रुवारीअखेर सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, म्हणजे मऊ उजेड साडेआठपर्यंतच. तंबूतल्या न्याहरीच्या नादात तो जातो. स्वयंपाक्याला आदल्या रात्रीच सांगा : सहाला निघताना फक्त चहा, न्याहरी डब्यात बांधून.

दहानंतर जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते. ६० मीटरवरचा पक्षी स्पष्ट दिसतो पण फोटोत पाण्याखालचा वाटतो. त्यावर कुठल्याही लेन्सचा इलाज नाही. त्या वेळात फक्त १५ मीटरच्या आतले विषय घ्या.

गवळण

रुमाल टाकून ठेवते. पुढच्या वर्षी जायचंय.

काचकमळ

किड्यांसाठी १००-४०० ला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधे बसणारी पोकळ नळी) लावा. स्वस्त, हलकी आणि काच नसल्यामुळे दर्जा कमी होत नाही. वेगळी मॅक्रो न्यायची गरजच नाही.

भुंगेरा

काचकमळ, इथे हिशेब चुकतोय. आवर्धन म्हणजे किडा सेन्सरवर मूळ आकाराच्या किती पट येतो ते, आणि ट्यूबने वाढणारं आवर्धन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी (मिमी). १०० मिमीवर २५ मिमीची ट्यूब ०.२५ देते, पण ४०० वर फक्त ०.०६. आणि नीलपंखी यांची १००-४०० मुळातच ९८ सेंमीवर फोकस होते आणि ०.३१ आवर्धन देते, त्यात ही भर नगण्य. उलट ट्यूब लावली की लांबचा फोकस जातो. तेवढ्यात गरुड आला तर गाडीत, धुळीत लेन्स काढायची वेळ येते.

लांब लेन्सला उपयोगी पडतं ते पुढे लावायचं क्लोज-अप भिंग. तिथे हिशेब उलटा आहे, लेन्स जितकी लांब तितका फायदा जास्त. २ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) भिंग ४०० मिमीवर ०.८ आवर्धन देतं आणि किड्यापासूनचं अंतर अर्धा मीटर राहतं. या लेन्सचा आटा ७७ मिमीचा आहे, त्या मापाचं दोन काचा जोडलेलं भिंग घ्या. एका काचेच्या स्वस्त भिंगात कडांना जांभळी झालर येते. रेनॉक्स २५० हे ८ डायॉप्टरचं, त्याची चिमट्याची चौकट ५२ ते ६७ मिमीलाच बसते. म्हणजे १००-४०० ला नाही, तुमच्या ९० मिमीला बसेल. त्याने अंतर साडेबारा सेंमी उरतं. मुंग्या, कोळ्यांचे डोळे, पतंगाच्या मिशा यासाठी फार चांगलं.

आता मूळ प्रश्न, कुठे. गाडीच्या खिडकीपासून रस्त्यावरच्या शेणकिड्यापर्यंत तिरकं अंतर दीड-दोन मीटर असतं. तिथे क्लोज-अप भिंगही नको, नुसती १००-४०० पुरते. ०.२ आवर्धनावर ३ सेंमीचा किडा सेन्सरवर ६ मिमी येतो, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा चौथा हिस्सा, साधारण १५०० पिक्सेल. कापून घ्यायला भरपूर आहे. लेन्सचं छिद्र एफ/८ किंवा एफ/११ ठेवा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), एफ/५.६ ला डोकं तीक्ष्ण आणि पाय धूसर होतात.

उतरता येतं त्या जागा ठरलेल्या आहेत : तंबूची जागा, सहलीच्या जेवणाच्या जागा आणि प्रवेशद्वारं. सेरेंगेटीत शिरताना नाबी हिलच्या प्रवेशद्वारावर चालक कागदपत्रं करतो, त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. बाकीचे लोक स्वच्छतागृहाच्या रांगेत असतात तेव्हा तुम्ही खडकाकडे वळा. तिथे निळ्या-गुलाबी अंगाचे अगामा सरडे ऊन खात बसलेले असतात, झाडांवर करड्या टोपीच्या सुगरणींची वसाहत असते, पायाशी सुपर्ब स्टार्लिंग ही झगझगीत निळी-नारिंगी मैना फिरत असते. सेरोनेराच्या माहिती केंद्रात खडकांमधून लाकडी वाट आहे, तिथे हायरॅक्स (सशाएवढे केसाळ प्राणी) हाताच्या अंतरावर दिसतात. हा सगळा ९० मिमीचा आणि १००-४०० चा खजिना आहे आणि गाडीत बसून मिळत नाही.

काचकमळ

भुंगेरा, बरोबर आहे. माझं गणित छोट्या लेन्सचं होतं. ट्यूबचा सल्ला मागे घेतो.

रुईकर

फुलपाखरांपैकी सगळ्यात आधी भेटेल ते ओळखीचंच, बिबळ्या कडवा. आपल्याकडे रुईवर अंडी घालतं तेच, तीच जात आफ्रिकेतही आहे. त्याच्यावर हात बसवून घ्या. सकाळी सात-साडेसातला पंख गार असतात तेव्हा ते पंख पसरून ऊन घेतं आणि हलत नाही. दुपारी त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

तंबूच्या जागेवर मॅक्रोसाठी माझी मोजमापं : शटर १/२००, एफ/११, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४००, फ्लॅश १/८ शक्तीवर आणि समोर ट्रेसिंग पेपर. फ्लॅशच्या तोंडापासून कागद किमान ८ सेंमी पुढे हवा. चिकटून लावला तर नुसता उजेड कमी होतो, मऊ होत नाही. भुंगेऱ्यांच्या चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका दिसला की समजा कागद फार जवळ आहे.

टॉर्चवाला

रात्री तंबूजवळ पांढरी चादर टांगून मागे दिवा लावला तर पतंग आणि भुंगेऱ्यांचा खच पडतो. मॅक्रोवाल्यांनी एक रात्र तरी हे करावं.

सोनसावली

टॉर्चवाला यांच्याशी असहमत. सार्वजनिक तंबूतळावर शेजारी वीस तंबू असतात, त्यांना दिवा नको असतो. शिवाय किड्यांमागे काय काय येईल ते सांगता येत नाही आणि तिथे कुंपण नसतं. तरस रोज रात्री चक्कर मारतं.

एक किडा तर मुद्दाम ओळखून ठेवा, नैरोबी फ्लाय. नावात माशी असली तरी तो छोटा भुंगेरा आहे, सेंटिमीटरभर, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसतो. पावसानंतर दिव्यावर येतो. चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्यातल्या द्रवाने एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. बसलाच तर फुंकर मारून उडवा, जागा साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

टॉर्चवाला

सोनसावली, मान्य, अटी घालून घेऊ. न्दुतूला ज्यांना एकट्याच्या गटासाठी राखलेली जागा मिळते त्यांनीच करावं, मार्गदर्शकाला विचारून, तंबूपासून न हलता, अर्धा तास. मग दिवा बंद आणि चादर झटकून आत. तेही नको असेल तर जेवणाच्या तंबूतल्या दिव्याखालची कनात बघा. प्रार्थनाकीटक, टोळ, पतंग तिथे येतातच आणि वेगळा दिवा लावावा लागत नाही.

सोनसावली

कनातीला माझी हरकत नाही.

धूळपाटी

धुळीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. न्दुतू आणि दक्षिण सेरेंगेटीच्या मैदानांतली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. ओल दोइन्यो लेंगाई अजून जिवंत आहे, त्याच्या आणि शेजारच्या जुन्या डोंगरांच्या राखेवर ते गवत उगवतं. ही धूळ पावडरीसारखी बारीक पण कण काचेसारखे टोकदार. म्हणून लेन्सची काच कोरड्या कापडाने कधीही पुसू नका, त्याने घासली जाते. क्रम असा : आधी रबरी फुग्याने हवा, मग मऊ ब्रश, मग परत हवा, आणि तरी डाग राहिला तरच द्रव लावलेला कागद. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आणि धूळ मिळून चिखल होतो.

गाडी चालू असताना कॅमेरा मांडीवर, वरून सुती पंचा. पंचाच हवा, टर्किश टॉवेल नको, त्याचे तंतू सुटून झूमच्या फटीत शिरतात. पंचा रोज संध्याकाळी झटका. समोरून गाडी येताना दिसली की खिडक्या आणि छप्पर दोन्ही बंद, धूळ खाली बसली की उघडा. १००-४०० पुढे सरकताना हवा आत ओढते, म्हणून धुळीच्या लोटात झूम करू नका.

आणि दिवसभर लेन्स बदलायची नाही. एकच कॅमेरा असेल तर १००-४०० लावून गाडीत, मॅक्रो तंबूतळावर. बदलताना तंबूच्या आत, चेन लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून.

माळरान

पावसाचाही विचार ठेवा. मोठा पाऊस, मसिका, मार्च ते मे असतो, पण फेब्रुवारीअखेर दुपारची एखादी सर येते. तरांगिरेच्या दलदलीकडची माती काळी, आपल्या कापसाच्या जमिनीसारखीच. भिजली की गाडी रुतते. ढग दाटले की चालक त्या वाटेला जायला नको म्हणेल, तेव्हा हट्ट धरू नका.

याच काळ्या मातीवर शिट्टी वाजवणारी बाभूळ वाढते. काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढ्या पोकळ गाठी, गाठींना भोकं, वाऱ्यात त्या शीळ घालतात. गाठींत मुंग्या राहतात आणि फांदी हलली की फौज बाहेर पडते. झाड जेमतेम माणसाएवढं, त्यामुळे गाडीच्या खिडकीतून गाठी नेमक्या डोळ्यासमोर येतात. खिडकीला लागून फांदी असेल तर भुंगेरा म्हणतात ते २ डायॉप्टरचं भिंग इथे लावा.

चार्जर

वीज. सार्वजनिक तळांवर वीज धरूनच चालू नका. गाडी चालू असताना १२ व्होल्टच्या सॉकेटमधून चार्ज करा. ४५ वॅटचा यूएसबी-सी कार चार्जर इन्व्हर्टरपेक्षा चांगला. इन्व्हर्टर आधी १२ चे २३० करतो आणि तुमचा चार्जर परत २३० चे ८ करतो, दोनदा नुकसान आणि गरम होतं ते वेगळंच. इंजिन बंद असताना गाडीच्या बॅटरीवर काही लावून ठेवू नका. अरुशाच्या हॉटेलात भिंतीला ब्रिटिश पद्धतीची तीन चपट्या पिनांची सॉकेट असतात, आपली गोल पिन बसत नाही, एक अडॅप्टर न्या.

२०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास. १०० वॉट-तासांपर्यंत केबिनमध्ये चालते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत. कॅमेऱ्याच्या ४ बॅटऱ्या ठेवा. भरलेली बॅटरी लेबल वर, संपलेली लेबल खाली, अशी पेटीत ठेवायची सवय लावा, पहाटे अंधारात शोधाशोध होत नाही.

कार्डांचा हिशेब : रोज १५०० फोटो, प्रत्येकी २५ एमबी, म्हणजे ३७ जीबी. आठ दिवसांचे ३०० जीबी. लॅपटॉप नको असेल तर फोनला कार्ड रीडर आणि एसएसडी (छोटी बाहेरची डिस्क) जोडून कॉपी करा, एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. कॉपी झाली की फाइलींची संख्या दोन्हीकडे जुळते का बघा. सहलीत कार्ड पुसू नका. कार्ड माझ्या खिशात, एसएसडी दुसऱ्याच्या बॅगेत.

निघताना आणखी एक. महाग लेन्स असेल तर मुंबई विमानतळावर सामान चेक-इन करायच्या आधी कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, लेन्स आणि कॅमेऱ्याचे क्रमांक लिहून. परत येताना ती वस्तू तिथेच घेतली नाही हे सिद्ध करावं लागत नाही.

झेपावा

नीलपंखी, तुमच्या नावाचा पक्षी राहिलाच की! तिथला लिलॅक छातीचा नीलपंख उडताना टिपायचा असेल तर त्याची सवय ओळखा. तो एका उघड्या फांदीवर बसतो, खाली झेप घेऊन नाकतोडा पकडतो आणि बहुधा त्याच फांदीवर परत येतो. म्हणजे पहिली झेप चुकली तर निघून जायचं नाही, दुसरीसाठी तिथेच थांबायचं.

उडताना पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून सुटतो. गाडी अशी लावून घ्या की वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील, मग तो पंख उघडून तुमच्याकडेच येतो. सुटायच्या आधी अंग आवळतो, पुढे झुकतो, पुष्कळदा शिटतो. तिथे बोट दाबायचं. १/३२००, एफ/५.६ ठेवा, आयएसओ ऑटो. कोवळ्या उन्हात ते १६०० च्या आसपास जाईल, जाऊ द्या. ४०० ऐवजी ३०० वर या, पसरलेल्या पंखांना चौकटीत जागा लागते. कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर (बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षणही साठवणारी सोय) असेल तर तो याच कामासाठी आहे.

पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). काळं गिधाड आकाशासमोर असेल तर एक ते दीड स्टॉप वर.

भोवत्या

याच दिवसांत युरोपातले पाहुणेही तिथे असतात. पांढरे करकोचे शेकड्यांनी गवतात फिरतात, माँटेग्यूचे भोवते (शिकारी पक्षी) मैदानावर तरंगत असतात. आपल्या माळांवर हिवाळ्यात येतात तीच जात. तरांगिरेत अ‍ॅशी स्टार्लिंग आणि पिवळ्या गळपट्टीचा लव्हबर्ड बघून घ्या, सेरेंगेटीत फिशरचा लव्हबर्ड. गोरोंगोरो-न्दुतूला तांबड्या शेपटीची सुगरण सहलीच्या जागेवर पायाशी येते. आकाराने साळुंकीएवढी, डोळा फिकट निळा. टांझानियाबाहेर ती जवळजवळ दिसतच नाही.

फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. तो आपली हद्द राखायला येतो, पिल्लांना भरवायचं सोडून.

गवळण

शेणकिड्याबद्दल कोणी सांगेल का? तो उलटा चालतो तर रस्ता कसा सापडतो त्याला?

भुंगेरा

गवळण, फार छान प्रश्न. तो डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, अशा अवस्थेत मागे चालतो आणि तरी सरळ रेषेत जातो. दिवसा सूर्यावरून, रात्री चंद्रावरून दिशा धरतो. २०१३ साली स्वीडनच्या लुंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या विट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की चंद्र नसेल तेव्हा काही शेणकिडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ जातात. उघड्या आकाशाखाली त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घालून आणि मग जोहान्सबर्गच्या तारांगणातही प्रयोग केले होते. टोपी घातली की भरकटत होते.

फोटोसाठी याचा उपयोग असा : मधेच थांबून तो गोळ्यावर चढतो, गोल फिरतो, दिशा घेतो आणि परत उतरतो. ते दोन-चार सेकंद फोटोचे. ढकलत असताना त्याचं तोंड मातीत असतं. सरळ जातो म्हणून चालकाला सांगून गाडी त्याच्या रेषेच्या पुढे तीन-चार मीटरवर, बाजूला उभी करा. तो आपणहून समोर येतो. चाकं मात्र बघून, ताज्या लिदीवर गाडी घालू देऊ नका, त्याखाली डझनभर असतात.

औषधपेटी

तरांगिरेत त्से-त्से माश्या त्रास देतात. गडद निळा आणि काळा रंग त्यांना ओढतो, म्हणून खाकी, मातकट कपडे. आपल्याकडे पक्षीनिरीक्षणाला लष्करी छापाचे कपडे सर्रास घालतात, ते घरी ठेवा, आफ्रिकेतल्या काही देशांत ते नागरिकांना चालत नाहीत.

डासांसाठी डीट लावता तेव्हा हात धुतल्याशिवाय कॅमेरा धरू नका. डीट प्लास्टिक आणि रबर विरघळवतं. पकडीचं रबर चिकट होतं, पडद्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. तळव्यांना न लावता हाताच्या पाठीने चोळा, किंवा पिकॅरिडिनचं औषध घ्या, त्याने प्लास्टिकला काही होत नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी. प्रमाणपत्र १० दिवसांनीच वैध होतं.

पाणकावळा

गोरोंगोरोची शेवटची रात्र वेगळी आहे. काठावरचा सिम्बा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटरवर. रात्री चांगलीच थंडी पडते. बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. कॅमेरा तंबूत पिशवीत बंद ठेवा, श्वासाची वाफ रात्रभर काचेवर जमते. सकाळी विवरात उतरताना पिशवी लगेच उघडू नका. खालची हवा उबदार असते, गार काचेवर दव धरतं. पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवीतच जाऊ द्या.

विवरात एनगोइतोकितोक तळ्यावर जेवायला थांबतात. तिथल्या पिवळ्या चोचीच्या घारी हातातली पोळी नेतात, मागून येतात आणि नख लागतं. जेवण गाडीत बसून करा, मग मोकळ्या हाताने खाली उतरून घारी टिपा.

नीलपंखी

सगळ्यांचे मनापासून आभार. जीन्स शिंप्याकडे दिली. तिपाई रद्द, ट्यूब रद्द, भिंग मागवतेय. पण शेवटचा प्रश्न राहिला : बाकी तिघं आणि चालक. आणि भरलेल्या तांदळाचं शेवटी काय करायचं?

माळरान

तांदूळ शेवटच्या दिवशी स्वयंपाक्याला द्या, आतली सुती पिशवी स्वच्छ असेल तर खाण्याजोगे असतात.

चालकाचं आधी समजून घ्या. तो छोट्या पाखरांना थांबत नाही याची दोन कारणं. पाहुण्यांना पाच मोठे प्राणी हवेत असं त्याने धरलेलं असतं, आणि सेरेंगेटीचा परवाना २४ तासांच्या हिशेबाने असतो. बाहेर पडायच्या दिवशी वेळ उलटली तर जादा पैसे पडतात, म्हणून त्या दिवशी तो घाईत असतो. त्यामुळे बुकिंग करतानाच लिहून कळवा की पक्षी आणि किडे बघायचेत, पक्षी जाणणारा मार्गदर्शक द्या. आणि निघायच्या दिवशी थांब मागू नका, मधल्या दोन दिवशी मागा.

तिघांशी असं ठरवा : सूर्योदय ते साडेआठ सिंह-चित्ते, कारण तेव्हा तेही हलत असतात, आणि वाटेत पक्षी दिसला तर दोन मिनिटं. सिंह सापडला की तो झोपेपर्यंत थांबायचं. त्या वेळात तुम्ही दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून झुडपं बघा, सिंहाजवळ इंजिन बंद असतं आणि चंडोल, वटवटे निवांत जवळ येतात. दहा ते बारा सेरोनेराच्या ओढ्याकाठी सावलीत, जवळच्या अंतरावर तुमचे पक्षी. त्या उन्हात मोठी मांजरं (सिंह वगैरे) बहुधा झोपलेलीच असतात, त्यामुळे तिघांचं काही जात नाही. एक खिडकी आठही दिवस तुमची, ही एकच अट घाला. डावीकडची घ्या, तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, झुडपं त्या खिडकीला जवळ पडतात.

रुईकर

आणि चार शब्द स्वाहिलीचे. सिमामा म्हणजे थांब. न्युमा किडोगो, थोडं मागे. म्बेले किडोगो, थोडं पुढे. झिमा इंजिनी, इंजिन बंद. किपेपेओ फुलपाखरू, म्डुडू किडा. पक्ष्याला न्देगे म्हणतात, पण विमानालाही न्देगेच म्हणतात, म्हणून बोट झाडाकडे दाखवून म्हणा.